बरणीतले बुडबुडे

कोल्हापुरात पेट्रोलचा एक थेंबही वाया जाऊ नये ही जबाबदारी परमेश्वरानं ज्या एकाच माणसावर टाकली आहे, तो माझा साडू आहे. बाकीचं शहर या बाबतीत अगदी बेफिकीर आहे. लोक सिग्नलला इंजिन चालू ठेवून गप्पा मारतात, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबिरीची जुडी आणायला मोटारसायकल काढतात, आणि एका पायावर गाडी तोलून पुढच्या पंचवार्षिक निवडणुकीचा निकाल लावतात. या सगळ्यांच्या वाटणीची काळजी कसबा बावड्यातल्या एका अंगणात, एका जुन्या पांढऱ्या मोटारीच्या उघड्या बॉनेटवर ओणवा होऊन, माझा साडू एकटा करत असतो. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी पाहुणाच आहे, आणि पाहुण्याला दाखवायला त्यांच्याकडे रोज काहीतरी नवीन असतं.

माझं राजारामपुरीत चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना जवळचं आणि लांबचं दिसतं का ते विचारणं हा माझा धंदा, त्यामुळे स्वप्नं वगैरे माझ्या खात्यात येत नाहीत. दाजींना मात्र जे दिसतं ते कुठल्याच भिंगातून दिसण्यासारखं नाही. हिवाळ्यातल्या सकाळी, पंचगंगेवरचं धुकं बावड्यातल्या उसात शिरलेलं असताना आणि कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास साऱ्या गल्लीत भरलेला असताना, दाजी चहाचा कप बॉनेटवर ठेवून कुठंतरी लांब बघत म्हणतात, "पावणं, एक दिवस ही गाडी पेट्रोलच्या नुसत्या वासावर गडहिंग्लजला जाईल." हे वाक्य ते इतक्या शांतपणे म्हणतात की त्या धुक्यात क्षणभर मलाही ती मोटार अलगद निघालेली दिसते. मग कप रिकामा होतो, ऊन वर येतं आणि मी दुकान उघडायला जातो.

या ध्यासाची सुरुवात खरं तर अक्कांनी केली. अक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी, दाजींची बायको, माहेर गडहिंग्लजचं. दाजींनी सारी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर काढली. निवृत्त झाले आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. अंगणात खुर्ची टाकून ते दिवसभर कारखान्याच्या चिमणीकडे बघत बसायचे. धूर काळा आला की अस्वस्थ व्हायचे, "हवा कमी पडाय लागलीया" म्हणायचे, आणि ते ऐकून धावणारं आता कुणी नव्हतं. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. तेव्हा एका सकाळी अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आपली गाडी फार पेट्रोल पिते, जरा बघा की. दाजी उठले. बॉनेट उघडलं. ते अजून नीटसं मिटलेलं नाही.

आधी चुंबक आले. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले गोल चुंबक फोडून त्यांनी पेट्रोलच्या नळीला बांधले. त्यानं पेट्रोलचे कण ओळीत उभे राहतात, असं त्यांचं म्हणणं. कण उभे राहिले की नाही माहीत नाही, पण दाजींचे पाने, पक्कड आणि अक्कांच्या साडीच्या दोन पिना मात्र इंजिनात ओळीनं उभ्या मिळाल्या. उरलेला एक चुंबक त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीला बसवला. माझी बायको आजतागायत शपथेवर सांगते की चहाला लवकर उकळी येते. तो चहा मी पितो, त्यामुळे मी काही बोलत नाही.

मग डांबराच्या गोळ्यांचा काळ आला. टाकीत दोन गोळ्या टाकल्या की पेट्रोलला जोर येतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जोर आला नाही, वास मात्र आला. त्या मोटारीतून लग्नाला जायचं म्हणजे ट्रंकेतल्या शालूसारखं घडी घालून बसायचं. त्यानंतरचा पंखा. तेलाच्या डब्याचा पत्रा कातरून दाजींनी एक पंखा केला आणि हवा आत शिरते त्या तोंडात बसवला, म्हणजे हवा गोल फिरून आत जाईल. हवा गोल फिरली, पण शिट्टी मारत फिरली. दाजी आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीतून सकाळी स्वयंपाकाच्या वेळी दोन-तीनदा गेले आणि त्या दिवशी गल्लीतल्या अर्ध्या घरांत डाळ कच्ची राहिली. बायका शिट्ट्या मोजून गॅस बंद करत होत्या. माझ्या शेजारणीनं अजून त्यांना माफ केलेलं नाही.

वजनाचं तर विचारूच नका. गाडीतलं जे जे निघण्यासारखं होतं ते दाजींनी काढलं. मागच्या शेल्फाची फळी गेली, रेडिओ गेला, पायाखालची रबरं गेली. एका लग्नाहून येताना मिळालेली आहेराची भांडी त्यांनी एस.टी.नं पाठवली आणि आपण मोटारीनं आले. मला गाडीत घ्यायच्या आधी ते नखशिखांत बघतात. बोलत काही नाहीत, पण एकदा मी जेवून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे. पेट्रोल पंपावर तर त्यांना पाहिलं की पोरं एकमेकांना खुणावतात, कारण दाजी टाकी काठोकाठ भरून घेतात, मग उतरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवतात, आत अडकलेली हवा बाहेर काढतात आणि पुन्हा भरायला सांगतात. रांगेतला मागचा माणूस हॉर्न वाजवू लागला की ते प्रेमानं म्हणतात, "पावणं, दमानं. शास्त्राचं काम चाललंय."

पण या सगळ्यांवर कळस म्हणजे बरणी. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाचा वाफेवर जेवढा विश्वास असतो तेवढा आपला कुणाचा कशावर नसतो. इंजिनाला पेट्रोलबरोबर थोडी पाण्याची वाफ पाजली तर ते कमी पेट्रोलात तृप्त होईल, असं दाजींच्या मनानं घेतलं. त्यासाठी अक्कांची लिंबाच्या लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी झाली. झाकणाला दोन भोकं, त्यात दोन नळ्या. एक बाहेरची हवा पाण्याच्या तळाशी नेणारी, दुसरी वरची ओलसर हवा इंजिनाकडे ओढून नेणारी. बरणी बॉनेटखाली मावेना, म्हणून ती आत, डॅशबोर्डाखाली, अक्कांच्या गुडघ्यापाशी बसली. गाडी चालू झाली की पाण्यातून बुडबुडे येतात. बुडबुडे येतात म्हणजे सगळं ठीक आहे. आणि ते बघायची नेमणूक अक्कांची झाली. गाडी सुरू करताना, घाट चढताना, पंपावरून निघताना दाजी रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "बुडबुडं?" अक्का वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "येत्यात." मागे बसून हे ऐकताना मला डोळा लागायचा. उसाच्या हिरव्या भिंतींमधून ती हलकी केलेली मोटार जात राहायची, बरणीत गुडगुड चालायची, आणि वाटायचं की हे दोघं गाडीत नाहीत, कुठल्याशा होडीत बसलेत.

बरणी बसली ती नवरात्राच्या तोंडावर. घट बसले आणि चमत्कार झाला. गाडी खरोखरच कमी पेट्रोलात जाऊ लागली. दाजींनी टाकी हलवून हलवून तपासली, पुन्हा भरली, पुन्हा फिरवली. फरक खरा होता. ते तडक माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकाच्या नाकावर मी चष्मा बसवत होतो, त्या गिऱ्हाइकाचे हात धरून त्यांनी बातमी सांगितली.

दसऱ्याला त्यांचा मुलगा पुण्याहून आला. मुलगा गुणी आहे, बापावर जीव आहे त्याचा, पण त्याला ती मोटार बघवत नाही. पेट्रोलचा वास, आत लोंबणाऱ्या नळ्या, आणि त्यात आपले आईबाप. ही भंगारात देऊ, मी बॅटरीवरची नवी घेऊन देतो, असं तो वर्षभर म्हणत होता. यावेळी दाजींनी त्याला बरणी दाखवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की दिवाळीला मी पुन्हा येतो, माझ्यासमोर गडहिंग्लजला जाऊन येऊ. तुम्ही म्हणता तेवढा फरक दिसला तर मी गाडीचं नाव काढणार नाही. नाही दिसला, तर तुम्ही काढायचं नाही. दाजींनी लगेच मान डोलावली. अक्कांच्या हातातलं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, तसंच राहिलं.

दोन दिवसांनी अक्का माझ्या दुकानात आल्या. चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती मी घट्ट करून दिली तरी उठेनात. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मला माझ्या धंद्याची लाज वाटली, कारण डोळे तपासणारा मी, आणि दिसलं त्यांना. दाजींच्या पायात नेहमी कापशी, म्हणजे आमच्या कोल्हापुरी घाटाच्या, वहाणा असतात. साध्या नव्हेत, मुद्दाम सांगून, तळाला चामड्याचे जादा थर घालून करून घेतलेल्या. एकेक वहाण हातात घेतली तर भाजीच्या पिशवीएवढी भरते, आणि चालताना अशी करकरते की दाजी गल्लीच्या तोंडाशी आले तरी घरात चहाचं आधण चढतं. त्या वहाणांत पाय घालून ते गाडीचा पेडल दाबतात. किती दाबला गेला ते त्या थरांतून पायाला कळतच नाही. पण नवरात्राचे नऊ दिवस दाजी अनवाणी असतात. लहानपणापासूनचा नेम आहे तो. अनवाणी पायानं पेडल दाबला की तो अलगद दाबला जातो.

"पायताण करकरलं की गाडी गुरगुरतीया," अक्का म्हणाल्या. "मी शेजारीच बसतीया न्हवं. नवरात्रात एकदापण गुरगुरली न्हाई. बरणीचं काय न्हाई त्यात."

मी म्हटलं, मग सांगून टाका त्यांना, अनवाणी चालवा म्हणावं, गाडीही राहील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मे विकण्याच्याच लायकीचा आहे हे मला कळलं. सांगितलं तर बरणी निघेल, त्या म्हणाल्या. मग चुंबक निघतील, नळ्या निघतील. गाडी राहील, पण सकाळी उठून हा माणूस करील काय? पुन्हा खुर्ची टाकून चिमणीकडे बघत बसेल. ते दिवस त्यांनी एकटीनं काढले होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि मी नुकत्याच पुसून दिलेल्या काचा त्यांनी पुन्हा पदरानं पुसल्या.

मग त्यांनी जे केलं ते फक्त आमच्याकडच्याच बाईला सुचेल. घरी जाऊन त्यांनी दाजींना सांगितलं की मी अंबाबाईला नवस बोललेय, आणि नवस असा आहे की तुम्ही वहाणा घालायच्या नाहीत. दाजींनी विचारलं, कशासाठी? तर नवस सांगायचा नसतो. कुठवर? तर देवी सांगेल तोवर. दाजी भाविक माणूस. त्यांनी वहाणा पुसल्या, त्यांना तेल लावलं आणि माळ्यावर ठेवून दिल्या. बावड्याच्या बाजारात, पंपावर, खडीच्या रस्त्यावर दाजी अनवाणी फिरू लागले. गल्लीत त्यांची चाहूल लागेनाशी झाली आणि चहाचं आधण उशिरा चढू लागलं.

दिवाळीला मुलगा आला तो बापासाठी भेट घेऊन. खोका उघडला तर आत बूट. पांढरेशुभ्र, पावाच्या लादीसारखे जाड तळ असलेले. बाबा, अनवाणी फिरता म्हणे, हे घाला आणि चला गडहिंग्लजला, असं म्हणून तो खाली बसून नाड्या सैल करू लागला. मी अक्कांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मुलाच्या हातची पहिली भेट आणि समोर आनंदानं पाय पुढे केलेला बाप. अक्का कशाबशा म्हणाल्या, नवस आहे. मुलगा हसला, बुटाला नवस कुठं लागतो, म्हणाला. दाजींनी एकदा बुटांकडे बघितलं, एकदा अक्कांकडे. अक्कांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग पाय मागे घेतला आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळा. आईचा शबूद हाय."

मग मुलगा म्हणाला की निदान गाडी तरी मी चालवतो. त्यालाही दाजींनी नको म्हटलं. "हिला माझा पाय वळकीचा हाय," ते म्हणाले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आम्ही गेलो. कागल मागे पडलं, उसानं लादलेले ट्रॅक्टर आले, त्यांच्यामागे दाजी तक्रार न करता हळूहळू गेले. अक्का वाकून वाकून बुडबुडे बघत होत्या आणि येत्यात म्हणत होत्या, पण माझं लक्ष त्यांच्या ओठांकडे होतं. ते बुडबुड्यांसाठी नव्हे, अंबाबाईसाठी हलत होते. गडहिंग्लजला अक्कांच्या भावाकडे जेवलो, दाजींच्या नजरेला घाबरून मी एक पोळी कमी खाल्ली, आणि संध्याकाळी परत पंपावर. दाजींनी गाडी हलवली. मुलानंही, न सांगता, दुसऱ्या बाजूनं हलवली. टाकी भरली आणि मुलगा काट्याकडे बघत राहिला. फरक होता, आणि दाजी म्हणाले होते त्याहून थोडा जास्तच होता. मुलानं शब्द पाळला. जाताना तो बरणीला नमस्कार करून गेला, अर्धा चेष्टेनं आणि अर्धा खरा.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण नवस सुटणार कसा? थंडी गेली, ऊन चढलं. वैशाखात बावड्याच्या डांबरी रस्त्यावर कुत्रीसुद्धा सावली बघून पाय ठेवतात. दाजी त्या रस्त्यावरून दुधाची किटली घेऊन चालत यायचे. टाचांना भेगा पडल्या, तळव्याला फोड आले. अक्का रोज संध्याकाळी त्यांच्या पायांना लोणी लावायच्या आणि खाली मान घालून रडायच्या. वहाणा द्याव्यात तर गाडी पुन्हा गुरगुरणार. न द्याव्यात तर हे पाय. शेवटी त्यांना राहवलं नाही. एका मंगळवारी देवळात जाऊन त्यांनी ओटी भरली, येताना नव्या कापशी वहाणा घेतल्या आणि त्या दाजींच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "फिटला नवस. घाला."

दुसऱ्याच दिवशी गडहिंग्लजला अक्कांच्या भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. वजन नको म्हणून माझ्या बायकोला दाजींनी पहाटेच्या एस.टी.नं पुढं पाठवलं होतं. मी बावड्यात पोचलो तेव्हा दाजी नव्या वहाणा घालून अंगणात येरझारा घालत होते. करकर सगळ्या गल्लीला ऐकू जात होती आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचं येणंजाणं कळत होतं. अक्का गाडीत आपल्या जागी बसल्या होत्या, समोर बघत. मी मागे जाऊन बसलो. आज काय होणार ते त्यांना माहीत होतं, आणि मलाही.

दाजी गाडीपाशी आले. दार उघडलं. मग एका हातानं दाराला धरून त्यांनी एक वहाण काढली, दुसरी काढली, त्यांची धूळ झटकली आणि खिडकीतून माझ्या हातात दिल्या.

"पावणं, धरा जरा. पेडलला तेल हाय, नवं पायताण खराब व्हईल."

पेडलला तेल नव्हतं. तो पेडल ते रोज सकाळी फडक्यानं पुसतात, मी स्वतः पाहिलं आहे. ज्या माणसानं जन्मभर बॉयलरच्या आवाजावरून आतली आग ओळखली, त्याला आपल्या पायाखालच्या इंजिनाची गुरगुर कळली नसेल, असं आम्ही सगळ्यांनी कसं काय धरून चाललो होतो कोण जाणे. कधी कळलं असेल? बुटांकडून अक्कांकडे बघितलं तेव्हा? की त्याच्याही आधी? ते मी विचारलं नाही. असल्या वेळी चष्मेवाल्यानं काच पुसत बसावं हे बरं.

गाडी निघाली. अनवाणी पाय पेडलवर इतका हलका होता की बाहेरच्या उसाची सळसळ ऐकू येत होती. ऊन अजून कोवळं होतं आणि रस्ता कुठंच जायची घाई नसल्यासारखा पुढं पसरला होता. मी सहज पुढं वाकलो. अक्कांच्या गुडघ्यापाशी बरणी होती. तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता. तळाला पांढुरका क्षार बसला होता, वाळून किती दिवस झाले असतील देव जाणे. बरणी रोज भरायची ती दाजींनी, आणि बघायची ती अक्कांनी.

"बुडबुडं?" रस्त्यावरची नजर न काढता दाजींनी विचारलं.

अक्का वाकल्या. नेहमीसारखं, चष्मा जरा खाली ओढून, नीट निरखून त्यांनी त्या कोरड्या बरणीत पाहिलं.

"येत्यात," त्या म्हणाल्या.

"येऊ देत," दाजी म्हणाले.

मी मागे टेकलो आणि खिडकीबाहेर बघू लागलो. नव्या वहाणा माझ्या मांडीवर होत्या. रस्त्याच्या धक्क्यानं त्या करकरू नयेत म्हणून मी त्या दोन्ही हातांनी गडहिंग्लजपर्यंत घट्ट धरून ठेवल्या.